गोफणीची कबुली

विमान पाडल्याची खबर माझ्या पोलिसातल्या नोकरीत एकदाच आली, म्हणून ती विसरलेलो नाही.

पारनेर तालुक्यातल्या एका गावातून सरपंचांचा फोन आला. "साहेब, इमान पाडलं. पाडनारा धरून ठिवलाय."

जागेवर गेलो. विमान म्हणजे पाठीला मोटारीचा पंखा आणि वर पॅराशूटसारखी छत्री बांधून उडायचं यंत्र निघालं. जत्रेत उड्डाण दाखवायला बोलावलेला पायलट उडताच कांद्याच्या चाळीवर कोसळला होता. हात मोडला, जीव वाचला. संशयित होते शेजारी ज्वारी राखणारे सत्तरीचे तात्या. त्यांना गोफण फिरवताना अर्ध्या गावाने पाहिलं होतं.

पंचायतीत धरून ठेवलेल्या तात्यांच्या चौकशीला वेळ लागला नाही.

"व्हय, मीच पाडलं," तात्या म्हणाले. "लई आवाज करीत हुतं."

"माणूस जायबंदी झालाय. कोठडीत जाल."

"जाईन की. पन नेम बघितला का?"

त्यांची सून दारात रडत उभी होती. "साहेब, मामांना शुगर हाय. आत कसं निभंल?"

कबुली मिळाली की तपास संपला, असं नव्या अंमलदारांना वाटतं. मी तात्यांना मचाणावर चढवून पुन्हा गोफण मारायला लावली. दगड चाळीच्या निम्म्या वाटेत पडला.

"आज वारं उलटं हाय," तात्या म्हणाले.

मग यंत्राचा पंचनामा केला. पंख्याच्या दांड्याला केशरी कापडाचे घट्ट वेढे बसले होते. तडक दवाखान्यात जाऊन पायलटला विचारलं, "हेल्मेट कुठे होतं?"

"फेट्यावर बसेना."

"मग फेटा उतरवायचा."

"सरपंचांनी स्वतःच्या हाताने बांधला होता साहेब. समोर फोटो चाललेले. कसा उतरवणार?"

फेट्याचा पाठीवर मोकळा सोडलेला शेमला पंख्याने ओढून घेतला आणि पंखाच अडकला होता. सरपंचांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आमी तर सत्कार केल्ता."

माणूस माराच्या भीतीपोटी खोटं कबूल करतो, हे प्रशिक्षणात शिकलो होतो. कौतुकापोटीही करतो, हे तात्यांनी शिकवलं. पुढे ज्या कबुलीत फुशारकी दिसली, ती मी दोनदा तपासली.

सुटका झाल्यावर सून तात्यांना घेऊन निघाली. पंचायतीच्या फाटकातून ते एकटेच मागे आले.

"साहेब, सोडलं ते बरं केलं. पन गावात कुनी इचारलं तर पुरावा घावला न्हाई, एवढंच सांगा."