तेल-पाण्याचा हात

"साहेब, तूर अशी भिजवली तर दाळ न्हाई, पीठ निघंल."

कौसाबाई चाळणी हातात धरूनच बोलली. दाळ मिल सुरू होऊन तिसराच दिवस होता. मी ऐकलं आणि पुढे गेलो.

लातूर जिल्हा तेव्हा नवा, आमचं ऑफिस भाड्याच्या दोन खोल्यांत. धरणात गाव गेलेली माणसं एका जुन्या गावाशेजारी आणून वसवलेली. त्यात दुष्काळ. दोन्ही गावांना मिळून काम द्यायचं म्हणून मिलची स्कीम आली. प्रोजेक्ट ऑफिसर मी. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, तोही शेतीतला. त्याचा अभिमान आजही आहे.

तुरीची साल दाण्याला घट्ट धरून असते. ती सुटावी म्हणून आधी तेल चोळतात, पाण्याचा हबका मारतात, ढीग झाकून ठेवतात, वाळवतात. मग गिरणी. याला तेल-पाणी देणं म्हणतात. दुष्काळातला दाणा बारीक. त्याला पाणी किती, हे हातालाच कळतं. धरणातून उठून आलेल्या कौसाबाईला तो हात होता. ट्रायलला तिच्या तुरीची दाळ अख्खी निघाली.

"जयभीम साहेब," तेव्हा ती म्हणाली होती. "हे काम लागलं तर औंदा वीटभट्टीला जात न्हाई. पोरगी सातवीला हाय."

मी हळूच "नमस्कार" म्हणालो. जयभीम माझ्याही घरचाच. पण शेजारी जुन्या गावचे सरपंच उभे होते.

त्यांनी त्याच संध्याकाळी अट घातली. "विहीर आमची. ओल्या कामाला आमच्या बाया. त्यांच्या बाया चाळतील, निवडतील. न्हाईतर आमची एक बाई पायरी चढायची न्हाई."

मी वरच्या साहेबांना फोन लावला.

"अहो, उद्घाटन चार दिवसांवर आलंय. काम दोन्ही गावांना मिळतंय ना? मग घ्या जमवून."

मी जमवलं. ड्यूटी चार्ट केला, ओलं काम एकीकडे, कोरडं दुसरीकडे. चांगल्या अक्षरात लिहून भिंतीला लावला.

ओल्या कामावरच्या बायांनी हे कधी केलं नव्हतं. कौसाबाई लांबूनच म्हणाली, "अक्का, हबका हलका मारा."

"आता ही शिकवणार व्हय आम्हाला!" एकजण म्हणाली. बाकीच्या हसल्या. मी चार्टकडं बघत राहिलो.

ढीग आतून ओलाच राहिला. गिरणीतून तुकडे आणि भुगा निघाला. मोंढ्यातल्या अडत्यानं मूठभर हातात घेऊन फुंकर मारली. "साहेब, दाळ हाय का कोंबड्यांचं खाद्य?"

पुढचे घाणेही तसेच गेले. माल उठेना, तेव्हा आधी चाळणीवरच्या बाया कमी केल्या. कौसाबाई निघाली त्या दिवशी ऑफिसच्या दारात आली. डोक्यावर बोचकं, मागं पोरगी. पोरीच्या हातात दप्तर नव्हतं, पाटी-घमेलं होतं.

"जयभीम, कौसाबाई." मी मोठ्यानं म्हणालो. पहिल्यांदाच.

"नमस्कार साहेब," ती म्हणाली, आणि गेली.

मिल दुसऱ्या वर्षी बंद पडली. बंद पडण्याचं कारण रिपोर्टात मीच लिहिलं: पाणीटंचाई. वरून कुणी विचारलं नाही. तूर मात्र जास्तीच्या पाण्यानं गेली होती. आणि कुणाच्या हातून गेली, ते मला त्या चार्टच्या अक्षरावरून आजही ओळखता येईल.