स्वरूपाच्या सोबतीला कोण?

टोकियोच्या ओजिमा भागातल्या मराठी बायकांची एक रीतच पडून गेली होती. बाईमाणसाचं दुखणं असलं, की दवाखान्यात ज्योत्स्नाकाकूंना सोबत न्यायचं. काकूंचं जपानी फर्डं, डॉक्टरचं बोलणं भराभर मराठीत सांगणार. खोट एकच, काकूंच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. सकाळी डॉक्टरला सांगितलेलं संध्याकाळी अख्ख्या कॉलनीला ठाऊक!

म्हणूनच स्वरूपानं ओटीपोटातली कळ महिनोन्महिने अंगावर काढली. अनघा चिडायची, हातापाया पडायची.

"काकू नकोत, तर ऑफिसातल्या कुणाला तरी नेऊ."

"आणि डॉक्टर विचारणार, लग्न झालंय का, नवरा कुठंय. काय सांगू? सांग ना!"

पुण्याहून दोघी एकाच कंपनीत आल्या, एका घरात राहिल्या, एकमेकींवर जीव जडला. जगाला मात्र सांगून टाकलं, आम्ही मावसबहिणी. दर संक्रांतीला काकू दोघींच्या हातावर तिळगूळ ठेवून विचारायच्या, "लाडू कधी देताय गं?" दोघी हसून वेळ मारून न्यायच्या.

रविवारी दुपारी स्वरूपा स्वयंपाकघरात कोसळली. अनघाचा आरडाओरडा ऐकून समोरच्या काकूच धावत आल्या. त्यांनीच अँब्युलन्स बोलावली आणि आत चढूनही बसल्या. नको म्हणायला सवड होती कुठे!

हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. अंडाशयावर मोठी गाठ, तिला पीळ पडलेला. ऑपरेशन ताबडतोब करायचं होतं. नर्स काहीतरी विचारत होती आणि काकू मराठीत सांगत होत्या. "अगं, आत काही वेगळंच निघालं तर कुणाला विचारायचं, म्हणतेय. घरचं कोण आहे?"

स्वरूपानं अनघाकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं.

"भाऊ," ती कण्हत म्हणाली. "पुण्याला."

अनघानं चमकून तिच्याकडे पाहिलं. भाऊ! स्वरूपानं लग्नाला नाही म्हटल्यापासून तिच्याशी धड बोलत नव्हता तो. तो म्हणणार, काढून टाका सगळं. स्वरूपाला मूल हवं होतं, हे त्याला काय माहीत? ते एका अनघाला माहीत होतं. खाट हलली तसा अनघानं खाटेचा दांडा घट्ट धरला.

"काकू, मी तिची मावसबहीण नाही."

"म्हणजे?"

"नवरा-बायको असतात ना, तशा आहोत आम्ही. तिचं घरचं माणूस मी आहे. त्यांना सांगा. आत्ता, जसंच्या तसं."

स्वरूपानं डोळे मिटून घेतले. काकूंचा आ वासलेला. नर्स एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. अनघानं काकूंच्या ओठांवर नजर खिळवली. ह्या बाईनं भलतंच काही सांगितलं, तर आपल्याला कळणारसुद्धा नाही!

मग काकू बोलल्या. त्यातला एकच शब्द अनघाला कळला. काझोकु, म्हणजे कुटुंब. मोबाईलच्या फॅमिली प्लॅनमुळे तो पाठ झाला होता. नर्स अनघाकडे वळली आणि अदबीनं कमरेत वाकली.

"दोन्ही अंडाशयं काढू नका म्हणावं, काकू. आम्हाला मूल हवंय."

काकूंनी तेही सांगितलं.

खाट आत गेली. दोघी बाकावर बसल्या, मध्ये एक जागा सोडून. बराच वेळ काकू पदराशी चाळा करावा तशी ओढणी पिळत होत्या.

"इतकं दुखत होतं, तर मला का नाही गं सांगितलं पोरीनं?"

"तुमच्याच भीतीनं, काकू. तुम्ही सगळीकडे सांगाल म्हणून."

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला.

डॉक्टर बाहेर आले, ते थेट अनघापाशी. एक अंडाशय गेलं होतं. दुसरं धडधाकट होतं. काकू सांगत गेल्या आणि अनघा हमसून हमसून रडली.

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. मराठी मंडळातली जुई होती. अनघानं रडणं आवरून श्वास रोखला.

"हो, हॉस्पिटलातच आहे," काकू म्हणाल्या. "नाही गं, कुणी यायला नको. तिच्या घरचं माणूस आहे इथं. काय झालं? ते बरी झाल्यावर तिलाच विचार."