बाबांची पेटी वहाळातून नेली

"हवालदार, तुला रीत ठाव हाय. देवळापुढनं तुमचं मयत जात नाय. वहाळाकडनं ने."

खोत माझ्या आजाला हे म्हणाला तेव्हा माझे बाबा तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीत होते. पेटी सहा जवानांच्या खांद्यावर होती. पाऊस कोसळत होता. वाडीखालच्या तिठ्यावर सगळे थांबले होते, आणि मी आजाचं बोट धरून उभी होते. खोत आजाच्या मुलाच्या वयाचा. आजाला अरेतुरे करायचा.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. तिठ्यावरून उजवीकडे सरळ रस्ता. तो देवळापुढून खाली नदीकाठच्या स्मशानात जातो. गावातलं मयत त्या रस्त्याने जातं. देवळापुढे तिरडी टेकवतात, मेलेल्याला शेवटचं दर्शन घडवतात, मग पुढे. बौद्धवाडीतलं मयत डावीकडून. दगडाधोंड्यांची वाट, मध्ये वहाळ, पावसाळ्यात मांडीभर पाणी. स्मशान एकच. मध्ये बांध घातलेला, अलीकडे त्यांचं, पलीकडे आमचं.

सोबत आलेला सुभेदार परक्या मुलखातला. त्याला काय ठाऊक? त्याने विचारलं, "रास्ता किधर से है?"

खोताने हात जोडले. "इधर से साब. नजदीक पडता है."

वहाळाकडची ती वाट दुप्पट लांबची आहे. सुभेदाराने आजाकडे पाहिलं. आजा म्हणाला, "जी साब. इधर से."

एवढंच. माझा आजा दोन लढाया लढलेला. छातीवर पदकं लावून आला होता त्या दिवशी. त्याच्या एका शब्दावर जवान उजवीकडे वळले असते. त्याने तो शब्द काढला नाही.

वहाळात पुढच्या जवानाचा बूट शेवाळावरून घसरला. पेटी तिरकी झाली. आये किंचाळली. त्यांनी सावरलं, पडू दिली नाही, पण तिरंग्याचं एक टोक गढूळ पाण्यात बुडालं. ते टोक पिळून परत नीट करणारा जवान रडत होता. खोत काठावर छत्री धरून उभा होता. आपल्या जागेवरून हलला नाही.

आमच्या वाडीत घरटी एक माणूस पलटणीत. पणजोबा, आजा, बाबा. आजा रोज पहाटे उठून दाढी करायचा, पेन्शनीत आला तरी. चपलासुद्धा एका रेषेत ठेवायचा. पलटणीतल्या गोष्टी सांगायला लागला की त्याचा आवाज चढायचा. "येका लंगरात जेवलो आमी. बामण, मराठा, शीख, सगले. कोनी इचारला नाय." मला लहानपणी ते ऐकून बरं वाटायचं. त्या पावसानंतर चीड यायला लागली. तिकडे गोळ्यांपुढे उभा राहिलास, मग इथे एका छत्रीवाल्यापुढे काय झालं तुला? हे मी त्याला विचारलं नाही. पण त्याच्या गोष्टी ऐकणं सोडलं. तो सांगायला लागला की मी उठून जायचे.

मी महाडला कॉलेजात गेले. तेव्हा कळलं की बाबा ज्या लढाईत गेले तिच्यावर माहितीपट निघालाय, त्यात आमचं गाव आहे. बाबांची पेटी आली त्या दिवशी एक कॅमेरावाला आला होता, हे मला आठवत होतं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेत तो दाखवायचं ठरलं. बिरवाडीहून भाड्याने मोठा टीव्ही आणला. आजाला पुढच्या खुर्चीवर बसवून शाल दिली, नारळ दिला. मी आणि आये बायकांत, सतरंजीवर.

सुरुवातीला बर्फ, तोफा, दोरावरून चढणारी माणसं. त्यांतल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे मी बघत होते, बाबा दिसतील म्हणून. दिसले नाहीत. मग एकदम आमचा वहाळ आला. बासरी वाजायला लागली. जवान पाण्यातून पेटी नेताहेत, मागे हिरवागार डोंगर. आणि एक गोड पुरुषी आवाज सांगू लागला, की ज्या ओढ्यात हा वीर लहानपणी खेळला, त्याच ओढ्याच्या कुशीतून त्याने अखेरचा प्रवास केला.

बूट घसरला ते कापलं होतं. तिरंगा भिजला ते कापलं होतं. पुढे खोत बोलताना दिसला. "आमच्या घरातलाच पोरगा होता तो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. हे असंच राहणार होतं. उद्या माझी पोरं हे बघतील आणि तो वहाळ सुंदर म्हणतील.

मी उठले. म्हणाले, "बंद करा. माझ्या बाबांना वहाळातून का नेलं ते सांगा आधी."

गुरुजी म्हणाले, "बस गो, कार्यक्रम चाललाय."

"देवळापुढून का नेलं नाही? खोतांनी सांगावं."

खोत हसला. "लहान हाय. तिला काय कलतं?"

तेवढ्यात आजा उठला. मला वाटलं, आता हा मला खाली बसवणार, आणि ते मी जन्मभर विसरणार नाही. त्याने खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली. नारळ तिच्यावर ठेवला. म्हणाला, "पोर खरा बोलते. ह्यांनी सांगितला, आनि मी व्हय म्हटला. माजी चूक." मग दाराकडे चालायला लागला. आये उठली. वाडीतली सगळी माणसं उठली. टीव्हीवर बासरी चालूच होती.

बाहेर आल्यावर आजा देवळापुढे थांबला. मला म्हणाला, "माजी तिरडी हितनं न्यायची. नेशील?"

मी म्हणाले, "नेणार."

याला काही वर्षं झाली. आता आजाने अंथरूण धरलंय. बोलणं बंद झालंय, कान शाबूत आहेत. परवा खोताचा मुलगा विचारपूस करायला आला. सफरचंदं घेऊन. दाराशी चपला काढल्या, मला ताई म्हणाला. जाता जाता म्हणाला, "वहाळावर साकव बांधलाय पंचायतीनं. नाव पन तुमच्या बाबांचाच दिलाय. आता पावसात हाल नाय होनार कुनाचं."

त्याला वाटलं मी आभार मानीन. मी म्हणाले, "साकवावरून तुम्ही जा."

तो गेला. मी आजाजवळ बसले. त्याचा हात माझ्या हातात होता, आणि त्याने तो एकदा दाबला.

बायका स्मशानात जात नाहीत, असं आता वाडीतलेच काही जण सांगू लागलेत. सांगू देत. तिठ्यावर मी उजवीकडे वळणार आहे. पुढचा खांदा माझा असेल. देवळापुढे तिरडी टेकवायची नाही, दर्शन मागायचं नाही. भर रस्त्यातून, सावकाश, चालत जायचं. ज्याला आडवं यायचं त्याने यावं.