मागच्या बाकावरच्या बाई

समिधाचा बीएडचा सरावपाठ फसावा, एवढ्याचसाठी कोंडाणे गावची माधवी तिची मैत्रीण म्हणून कर्जतच्या एका शाळेत जाऊन बसली होती.

दोघी बीएस्सीला एकत्र होत्या. मार्क माधवीला जास्त. पण समिधाचे वडील वकील, त्यामुळे ती बीएडला थेट पनवेलकडच्या महागड्या कॉलेजात गेली. माधवीनं वर्षभर साजगावच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी केली. आता तीही बीएड करणार होती. भाऊ ऋषिकेशनं स्वस्तातलं कॉलेज शोधून ठेवलं होतं.

"फक्त परीक्षेला जायचं. नोकरी चालू, पगार चालू. डिग्री सारखीच गं!"

उद्या तिथं प्रवेश घ्यायचा होता. त्याआधी समिधा तोंडावर पडलेली बघितली, की मनातली जळजळ थांबेल असं माधवीला वाटत होतं.

समिधा आठवीला उत्प्लावन शिकवायला उभी राहिली. इस्त्रीची साडी, रंगीत तक्ता. आधी सगळा नियम सांगितला, मग साध्या पाण्यात बटाटा टाकला. तो बुडाला. मिठाच्या पाण्यात टाकला, तरंगला. पोरांनी जांभया दिल्या. मागच्या बाकावर तिच्या कॉलेजच्या बाई बसल्या होत्या. तास संपल्यावर त्यांनी व्हरांड्यातच तिला झापलं.

"उत्तर आधीच सांगून टाकलंस. मग पोरांनी डोकं कशाला चालवायचं? फळ्याशी बोललीस तू, पोरांशी नाही."

समिधाच्या डोळ्यांत पाणी आलं. माधवीला आतून गुदगुल्या झाल्या.

"डोळे पूस. दुसऱ्या तुकडीवर हाच पाठ पुन्हा घे," बाई म्हणाल्या.

या वेळी समिधानं तक्ता गुंडाळूनच ठेवला. बटाटा हातात धरून विचारलं, "बुडेल की तरंगेल?"

वर्गात दोन तट पडले. एक पोरगा बाकावर चढला. "बाई, पैज!" मिठाच्या पाण्यात बटाटा वर आला तेव्हा पोरं पुढे धावली, "असं कसं?" म्हणून ओरडू लागली. मागच्या बाकावरच्या बाई हसल्या.

माधवीला पुन्हा हेवा वाटला. साडीचा, वकील बापाचा हेवा तिला सवयीचा होता. हा निराळाच होता. समिधा तासाभरात बदलली होती, कारण तिला चुका दाखवणारं कुणीतरी मागे बसलं होतं. ऋषिकेशच्या कॉलेजात मागचा बाक रिकामा असणार होता.

घरी येताच ती म्हणाली, "मी समिधाच्या कॉलेजात जाणार."

"तिचं बघून?" आई अंबाबाईनं विचारलं.

"हो, तिचंच बघून."

"एवढी फी कशाला?" ऋषिकेश हसला. "बोलणी खायला?"

"तिला बोलणी बसतात, मग मला का नाही?"

अंबाबाईनं हिशेब मांडला. "नोकरी सुटंल. पगार नाय, म्हंजे आणखी एक म्हस घ्यावी लागंल. धारा कोण काढणार?"

"मी."

"पनवेलच्या पयल्या गाडीच्या आधी?"

"आधी," माधवी म्हणाली. "पण तिच्यापेक्षा चांगली शिकवीन."

"तिचं नाव जरा कमी घे गं," अंबाबाई म्हणाली आणि ऋषिकेशकडे वळली. "उद्या म्हस बघायला जा रं."