मिरची यिन असते

नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी भीकमचंद जेवायला बसले होते. सून एकता पोळी वाढता वाढता म्हणाली, "बापूजी, मिरची यिन असते."

"म्हणजे?"

"चंद्राची, पाण्याची, थंड बाजू."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. गावाबाहेर वाळवणाच्या पथारीवर त्यांची लाल मिरची पसरलेली होती आणि खकाण्याने जाणारा-येणारा शिंकत होता. दारातल्या शेजारीण फुलवंताबाई हसल्या, "मिरची थंडी शे? मंग बरफ गरम शे का?"

एकता हटली नाही. मायग्रेनला कंटाळून ती सुरतच्या एका शिक्षकांकडून फोनवर मॅक्रोबायोटिक, म्हणजे यिन आणि यांग यांचा तोल सांभाळणारा जपानी आहार शिकत होती. "आपलं थंड-गरम वेगळं, बाई. जे पसरतं, सैल करतं ते यिन. आकसतं, घट्ट धरतं ते यांग. मिरचीने घाम फुटतो, नाक वाहतं, पसरतंच ना? साखरही तशीच. मीठ यांग. धान्य मधलं, म्हणून ते ताटात जास्त."

"या घरात मिरचीला नावं ठेवायची नाहीत," भीकमचंद कडाडले.

"नावं ठेवत नाही. माझ्या भाजीत घालणार नाही, एवढंच."

तेव्हापासून तिची भाजी वेगळी शिजू लागली. डोकेदुखी त्यानेच कमी झाली की आपोआप, हे तिलाही सांगता येत नसे. पण तिने सोडलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर ते शिक्षक शिबिरासाठी नंदुरबारला आले. एकता सासूला, सोहनबाईंना, घेऊन गेली. त्यांना मधुमेह, रोज इन्सुलिन. शिक्षकांनी भरल्या सभागृहात त्यांचं मनगट धरलं. "अति यिन झालंय. इन्सुलिन बंद करा, आहाराने तोल येईल."

सोहनबाई मान डोलावू लागल्या. एकता ताडकन उठली.

"मम्मीजी, सुई बंद होणार नाही."

"तुमचं शिक्षण अर्धवट आहे, म्हणून शंका येते," शिक्षक म्हणाले.

"असेल अर्धवट. तुम्ही ताट शिकवलंत, ते मी खाते. सुई डॉक्टरांनी दिलीय, काढायची तर तेच काढतील. तोल म्हणजे दोन्ही बाजू बघायच्या ना? तुम्ही एकच बघताय."

सासूचा हात धरून ती बाहेर पडली. मागोमाग आणखी दोघी उठल्या. संध्याकाळपर्यंत शिक्षकांनी तिला शिष्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

"चला, खूळ उतरलं," भीकमचंद खूश झाले.

"सर चुकले, बापूजी. म्हणून माझं ताट बदलत नाही."

सोहनबाईंनी सुई घेतली आणि नवऱ्याकडे न बघता सुनेला म्हणाल्या, "बींदणी, आज मलाही तुझीच भाजी वाढ."

आता दर बुधवारी दुपारी माडीवर एकताकडे बायका जमतात. ती धान्य शिजवून दाखवते, यिन-यांग समजावते. ज्यांना डॉक्टरांचं औषध परस्पर सोडायचं असेल त्यांनी जिना चढूच नये, हे ती आधीच बजावते.