झाकणाखालचा पिवळा डाग

पोळा जवळ आला, की ती केस मला अजून आठवते.

माझा नवरा पोलीस शिपाई होता. तो गेल्यावर मला ठाण्यात सफाईच्या कामावर घेतलं. तिथूनच मी रिटायर झाले. कायद्याने बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. महिला शिपाई बंदोबस्तावर असली, की जमादार मला सोबत नेत. मी काही बोलत नसे. कोपऱ्यात बसत असे आणि ऐकत असे.

पोळा झाला होता, गणपती बसले होते. सकाळी एक जीपमालक अर्ज घेऊन आला. त्याची जीप बोरी अरब ते दारव्हा सवाऱ्या नेत असे. रस्त्यातच तिचं इंजिन जाम झालं होतं. त्याचा संशय ड्रायव्हरवर होता. ड्रायव्हरची एसटीत निवड झाली होती आणि तो काम सोडणार होता. त्यावरून दोघांची बाचाबाची झाली होती.

"जाता जाता माही गाडी खाऊन गेला, साहेब," मालक म्हणाला.

ठाणेदार साहेबांनी लगेच गुन्हा दाखल केला नाही. अर्ज चौकशीवर ठेवून जमादारांकडे दिला. त्याला कारण होतं. त्याच ड्रायव्हरचा चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्यात पडून होता. गुन्हा दाखल झाला असता तर त्या कागदावर तसा शेरा गेला असता आणि एसटीची नोकरी हातात येण्याआधीच गेली असती.

जमादारांनी गॅरेजवर पंचनामा केला. मेकॅनिकने इंजिनाखालचा नट काढला, तर ऑइल खाली पडेना. मग पाकासारखी जाड तार लोंबली. ऑइल ओततात त्या झाकणाला आतून पिवळा डाग होता. नमुना बाटलीत भरून लाखेने सील केला. ती बाटली टेबलावर ठेवली, तर ठाण्यातला प्रत्येक जण येता-जाता ती उलटी करून बघू लागला. कोणी म्हणे गंधक, कोणी म्हणे कपाशीवर मारायची पावडर. मी झाडू मारताना दोनदा वाकून बघितली. मलाही समजेना.

ड्रायव्हरला आणून बाकावर बसवलं. तिशीतला, काटक माणूस. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"कोणती पावडर टाकली बे?" जमादारांनी विचारलं.

"पावडर कायले टाकू साहेब? गाडी सोडून राह्यलो, जीव नाई घेऊन राह्यलो तिचा."

"मंग पिवळं काय हाय?"

"ते मले नाई माहीत. मी ऑइलचा डब्बा घेतो तं आधी नंबर पाह्यतो. गाडीच्या पुस्तकात जो लिहिला, तोच. डिझेलचं अलग, मोटरसायकलचं अलग. दुकानदार म्हणते, हे सस्तं ने, तेल तं तेलच हाय. मी नाई नेत."

"लई शिकवू नको मले."

"तुम्हीच इचारलं न साहेब."

बाहेर बसलेले शिपाई हसले. जमादारांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते गणपतीच्या बंदोबस्ताचं बोलू लागले.

मग ड्रायव्हर हळूच म्हणाला, "एक गोष्ट हाय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ऑइल मोजाची काडी काढून पाह्यली, तं ऑइल वरच्या निशाणाच्याबी वर होतं. मी मालकाले सांगतलं. ते म्हणाले, जास्तच हाय न, कमी तं नाई? चालव."

जमादारांनी मालकाला बोलावून समोरासमोर विचारलं. मालकाने आधी छताकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "म्हटलं असंन," तो म्हणाला. अर्जात मात्र त्याने हे लिहिलं नव्हतं.

जमादारांनी चहा मागवला. त्यांना विचार करायचा असला की ते चहा मागवत. इंजिनातलं ऑइल चालून चालून कमी होतं, आपोआप वाढत नाही. वाढलं म्हणजे कोणीतरी टाकलं. पोळ्याला गाडी रस्त्यावर नव्हती, मालकाच्या घरीच उभी होती. त्या दिवशी घरी कोण होतं?

"आई होती," मालक म्हणाला.

महिला शिपाई बंदोबस्तावर होती, म्हणून मी सोबत गेले.

मालकाचं घर नीटनेटकं होतं. बैल विकून त्याने जीप घेतली होती आणि ती जुन्या गोठ्यातच उभी करत होता. गव्हाण तशीच होती. खुंट्याला रंगीत कासरा बांधलेला होता. म्हातारी ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसली होती. मी तिच्याजवळ बसले. तिने माझ्याकडेही थोडी डाळ सरकवली. मीही निवडू लागले.

"आजी, पोळ्याच्या दिवशी गाडीजवळ कोण आलतं?" जमादारांनी विचारलं.

"कोण येते बाप्पा? मीच होती. सकाळी तिची पूजा केली, बैलाची झूल होती ते घातली."

"अन् आदल्या दिवशी?"

"आदल्या दिवशी खांदशेकणी केली न."

जमादारांच्या हातातला पेन थांबला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळद लावून चोळतात. वर्षभर जू वाहिलेलं असतं, म्हणून.

"कोणाची खांदशेकणी, आजी?"

"तिचीच. जीपची. बैल नाई तं मंग कोणाची करू?"

"कशी केली?"

म्हातारीने डाळीचं सूप बाजूला ठेवलं. सांगताना तिचा चेहरा उजळला होता. "तिले खांदा कोठी हाय, तेच समजे ना. लई येळ पाह्यलं. मंग म्हटलं, हे तं आतूनच वढते. ड्रायव्हर बाबू झाकण काढून तेल टाकते, ते मी पाह्यलं होतं. घरचं जवसाचं तेल कोमट केलं, हळद टाकली अन् त्या झाकणातून सोडलं. बैलगाडीच्या चाकाले आमचे मामंजी तेच तेल देत."

मालक दारात उभा होता. त्याने कपाळाला हात लावला.

"माय, ड्रायव्हर आला तं त्याले काहून नाई सांगतलं?"

"सांगायचं काय होतं? पाणी पाजलं तं सांगतो का कोणाले?" मग तिने जमादारांकडे पाहिलं. "काहून? काय झालं?"

जमादारांनी सांगितलं. गाडी बंद पडल्याचं तिला माहीत होतं, पण त्यावरून ड्रायव्हरला ठाण्यात बसवलं आहे हे मुलाने सांगितलं नव्हतं. ती उठली. पदर नीट केला. "चाला. मले घेऊन चाला तिथी."

"तुम्हाले यायची गरज नाई. बयान इथंच घेतो."

"बयान घ्या. पण त्याले मीच सांगीन."

जमादारांनी बयान लिहिलं, वाचून दाखवलं, तिचा अंगठा घेतला. मग ती आमच्याच जीपमध्ये माझ्या शेजारी बसून आली. वाटेत मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, जवसाचं तेल तापलं की चिकट होऊन आळते, सुतार लाकडाले लावते ते तसंच सुकते न. इंजिनात दुसरं काय होणार?

ठाण्यात म्हातारी बाकाजवळ गेली. ड्रायव्हर उभा राहिला.

"बाबू, ते मीच केलं. तू भोगून राह्यला."

सगळं ऐकून हसू आवरेना त्याला. हसता हसताच त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "आजी, पुढच्या साली वरूनच लावजो. बॉनेटले. झाकण नोको उघडू."

मालकाने अर्ज मागे घेतला. आपल्या पोरासाठी घेतलेला पेढ्यांचा पुडा त्याने ड्रायव्हरच्या हातात दिला. पडताळणीचा कागद कोणत्याही शेऱ्याविना गेला. पुढे तो ड्रायव्हर मला दारव्ह्याच्या स्टँडवर खाकी कपड्यात दिसे. बस सुरू करायच्या आधी खाली उतरून काडी बघायचा. मला बघून मान हलवायचा.

ठाण्यात नुकसानीची तक्रार आली, की पहिला प्रश्न असतो, कोणाशी वैर आहे का. तो विचारावाच लागतो. पण त्या दिवसापासून मला वाटतं, त्या वस्तूवर कोणाची माया आहे, हेही विचारायला हवं. मायेनेही इंजिन जाम होतं आणि एखाद्याची नोकरी जाता जाता राहते. त्या म्हातारीने वाईट तेल निवडलं नव्हतं. तिच्या घरात होतं त्यातलं सगळ्यात चांगलं तेल तिने दिलं होतं. ते त्या गाडीचं नव्हतं, एवढंच.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या ठाण्याच्या जीपच्या बॉनेटवर हळदीची पाच बोटं उमटलेली दिसली. जमादारांनी आधी काडी काढून ऑइल बघितलं. निशाणावरच होतं. मग त्यांनी सगळ्यांना विचारलं, हे कोणी केलं. कोणीच कबूल झालं नाही. मीही झाडू मारत राहिले.

ती बोटं माझी होती.