सुई थांबलेली, मोटर चालू

टेम्पोतून मशीन उतरवायला चार माणसं लागली. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत चौघांनीही मिस्त्रिणीच्या भाचीला मनातल्या मनात काय काय म्हणून घेतलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. घरातलं शिलाई मशीन वेगळं आणि कारखान्यातलं वेगळं. लोखंडी पायांचं टेबल, त्याखाली कलिंगडाएवढी मोटर, आणि वर एकट्या माणसाने उचलायच्या भानगडीत पडू नये असं डोकं. भाचीला जाड कॅनव्हासच्या पिशव्या शिवायच्या होत्या. घरातल्या मशीनपुढे कापडाचे चार थर आले की ते रुसून बसायचं. म्हणून ती जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याकडे गेली. त्याच्या गोदामात सत्तर-ऐंशी मशीनं धूळ खात उभी होती. बहुतेकांची चाकं गच्च बसलेली. एकाचं हाताने फिरलं, तेच तिने उचललं.

"बाकी तू आहेसच," ती मावशीला म्हणाली. "दोन दिवसांत नवं करशील."

तिची मावशी म्हणजे मिस्त्रीण. सगळी गल्ली तिला याच नावाने ओळखते. बंद पडलेल्या एका कपड्यांच्या कारखान्यात तिने एकोणीस वर्षं मशीनं दुरुस्त केली होती. दोनशे मशीनं, आणि त्यांचा मिस्त्री म्हणजे एक बाई. त्यामुळे नव्याने आलेले पुरुष आधी हसायचे, मग मशीन अडलं की गुपचूप तिच्याकडे यायचे. ती बोलायची कमी. मशीनच्या अंगावर तळवा ठेवून, मान तिरकी करून ऐकायची, आणि "सुई उलटी लावलीस" किंवा "तेल संपलंय, तुझ्यासारखंच सुकलंय ते" असं काहीतरी म्हणून पुढे जायची.

त्या दिवशी ती पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीत आली, मशीनभोवती एक फेरी मारली आणि सुईजवळ वाकली. सुईच्या उजव्या हाताला, लोखंडी पाटावर, नखांना लावतात त्या लाल रंगाची एक बारीक रेघ होती. शिवण सरळ यावी म्हणून बायका अशी खूण करतात. कापडाची कड त्या रेघेला धरून चालवायची. बावीस वर्षांत ती रेघ निम्मी झिजली होती, पण होती.

"परत पाठव," मिस्त्रीण म्हणाली.

"काय झालं? खराब आहे?"

"खराब नाही. परत पाठव."

"मावशी, चार माणसं आत्ताच जिना उतरलीयत. कारण तरी सांग."

कारण सांगितलं नाही. भाचीही हट्टाला मावशीवरच गेली होती. मशीन खिडकीपाशी राहिलं आणि आठवडाभर त्यावर जुनी चादर होती. मिस्त्रीण त्या खोलीतून जाताना भिंतीच्या कडेने जायची. जेवायला बसायची तीसुद्धा त्याच्याकडे पाठ करून. आणि मग जेवताना मधेच मान वळवून मागे बघायची.

हे मशीन मिस्त्रिणीच्या धाकट्या बहिणीचं होतं, ती लाल रेघही तिनेच ओढलेली. म्हणजे कारखान्याचंच, पण धाकटी सहा वर्षं त्यावर बसत होती, आणि शेजारच्या मशीनवर मिस्त्रीण. तेव्हा ती मिस्त्रीण नव्हती, कॉलर शिवणारी होती. धाकटीचा नवरा दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटून बसला होता. चार वर्षांच्या मुलीला, म्हणजे या भाचीला, शेजारणीकडे ठेवून दोघी बहिणी एकाच बसने कामाला यायच्या. एका दुपारी, जेवणाची सुट्टी होऊन तासभर झाला असेल, धाकटीने शिवता शिवता डोकं टेबलावर टेकलं. ते परत उचललं नाही. तिचं हृदय बंद पडलं होतं. वय एकोणतीस.

हे भाचीला माहीत होतं, फक्त मशीन हेच, ते माहीत नव्हतं. पुढचंही माहीत होतं, म्हणजे मावशीने जसं सांगितलं तसं. मावशी गाडीत बसून आईबरोबर दवाखान्यात गेली. आईने तिचा हात घट्ट धरला होता. दवाखाना यायच्या आधी आईने भाचीचं नाव घेतलं, दोनदा, आणि डोळे मिटले. भाची हे ऐकत लहानाची मोठी झाली. शाळेत पहिल्या दिवशी रडली तेव्हा मावशीने हेच सांगितलं. तापाने फणफणली होती तेव्हा हेच. दहावीच्या परीक्षेच्या सकाळी तिने स्वतःच मागून घेतलं होतं, "ते आईचं सांग ना एकदा," म्हणून.

आठव्या दिवशी मिस्त्रिणीने चादर काढली. बहुधा भाची स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेऊन भलतीकडे खुपसायला लागली, ते तिला बघवेना.

"सोड ते. पेच खाशील त्याचा."

तिने पट्टा उतरवला, डोकं बिजागरीवर मागे कलंडवलं आणि खाली बघितलं. तेलाचं भांडं काळं झालं होतं. तेल राहिलंच नव्हतं. कापडाचा भुसा तेलात भिजून, सुकून, परत भिजून त्याचा चिखल झाला होता. कुणीतरी वरवर तेल ओतत राहिलं होतं, तळापर्यंत कुणी गेलंच नव्हतं. कोण गेलं नव्हतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. एकोणीस वर्षांत तिने या एका मशीनला हात लावला नव्हता. त्याची पाळी आली की ती उस्तादाला, म्हणजे तिला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीला, पुढे करायची. पुढे उस्ताद गेल्यावर ते बिघडलं तर दुसरं आणून बसवायची आणि हे कोपऱ्यात सरकवायची.

जुनी कढई, रॉकेल, दात घासायचा ब्रश, चिंध्या. तिने सुई, कापड पुढे सरकवणारे दाते, हूक, बॉबिनची डबी सगळं सोडवून रॉकेलमध्ये टाकलं आणि भांडं खरवडायला घेतलं. भुसा थराथराने निघाला. वर काळा. त्याखाली खाकी, त्या दोन वर्षांत सगळा कारखाना खाकी विजारी शिवत होता. मग पांढरा. तळाला, बोटाने उकरावा लागला असा एक पातळ निळा थर होता. निळे सदरे कारखान्याने एकाच वर्षी शिवले होते.

तिने तो निळा भुसा कागदावर घेतला. भाची चहा ठेवून गेली. चहावर साय धरली.

काम मात्र तिने चोख केलं. तेल वर चढवणाऱ्या वाती बदलल्या. हुकाच्या टोकाला चरा पडला होता, तो बारीक पॉलिश कागदाने घासून काढला. दोरा पकडणारा हा हूक सुईपाशी नेमक्या क्षणी यायला हवा, केसभर इकडेतिकडे झालं तरी टाका सुटतो. ते जुळवायला तिला एक अख्खी सकाळ लागली. एरवी अर्ध्या तासाचं काम. ती स्क्रू सैल करायची, परत आवळायची, आणि भाची जवळ आली की तिला कशाला ना कशाला बाजारात पाठवायची. सगळं पुसून झालं, पण त्या लाल रेघेवर तिने रॉकेलची चिंधी नेली नाही.

काम सुरू केल्यापासून पाचव्या दिवशी मशीन चाललं. भाचीने कॅनव्हासचे सहा थर घातले, मशीनने ते लोण्यासारखे शिवले. ती आनंदाने शिवत सुटली. मिस्त्रीण दारात उभी राहून बघत होती. तेवढ्यात भाचीचा फोन वाजला. ती उठली आणि गॅलरीत गेली. मशीन तसंच चालू ठेवून.

या जुन्या मोटरींचं असं असतं, की पायाखालची पट्टी दाबली तर सुई चालते, पाय काढला तर सुई थांबते. मोटर मात्र बटण बंद करेपर्यंत फिरतच राहते. त्यामुळे खोलीत कुणी नव्हतं, स्टूल रिकामं होतं, सुई कापडात अर्धी रुतून थांबली होती, आणि मोटर आपली घुमत होती.

भाची परत आली तेव्हा मावशी जमिनीवर बसली होती, दोन्ही कान झाकून.

"बंद कर ते. आधी बंद कर."

भाचीने बटण दाबलं. मोटर हळूहळू उतरत थांबली.

"मी गेले नव्हते," मिस्त्रीण म्हणाली.

"कुठे?"

"तुझ्या आईबरोबर. गाडीत. मी गेले नव्हते."

मग तिने सांगितलं. धाकटीचं डोकं याच टेबलावर होतं आणि मोटर अशीच घुमत होती. तिला वाटलं, डुलकी लागली. मग हात लावला. सुपरवायझर बाई आल्या, म्हणाल्या, भोवळ आली असेल, उकाडा किती आहे. दोघांनी धाकटीला उचलून नेलं. मिस्त्रीण मागे निघाली तर बाई म्हणाल्या, "तू कुठे? तिच्या पुढच्या सगळ्या बायका रिकाम्या बसल्यात. तिचं काम तुलाच येतं. रखवालदार जातोय ना बरोबर. तासाभरात येईल तीच चालत." आणि मिस्त्रीण बहिणीच्या स्टुलावर बसली. स्टूल गरम होतं. सुईखाली निळ्या सदऱ्याची बाही अर्धी शिवलेली होती. तिने ती पुरी केली. मग पुढची. संध्याकाळची घंटा होईपर्यंत ती शिवत होती.

"तुला वाटलं भोवळच आहे," भाची म्हणाली. तिला तसं उत्तर हवं होतं.

"नाही. हात लावला तेव्हाच मला कळलं होतं."

"मग बसलीस कशी?"

"उठून गाडीत गेले असते तर ते खरं झालं असतं. शिवत होते तोवर भोवळच होती."

भाचीने सुईखाली अडकलेला कॅनव्हासचा तुकडा सोडवायला घेतला.

"दुसऱ्या दिवशी मी मशीनवर बसूच शकले नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत बसलेले नाही. उस्तादाला म्हटलं, झाडू मारते, हत्यारं पुसते, पण मला तुमच्या हाताखाली घ्या. लोक म्हणाले, बाई कशी वर चढली बघा."

"आणि माझं नाव? दोनदा घेतलं म्हणालीस."

"ते मी रचलं. तू रडत होतीस."

भाचीने दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरली आणि मैत्रिणीकडे राहायला गेली. नऊ दिवस तिने फोन केला नाही. मिस्त्रिणीनेही केला नाही. त्या नऊ दिवसांत मोटरची पिन भिंतीतून काढून ठेवली होती, तरी तिला भर दुपारी घुमणं ऐकू यायचं. ती उठून पिन बघून यायची. शेजारणीला एकदा विचारलंही, "तुझा मिक्सर चालू आहे का?" शेजारीण म्हणाली, वीजच गेलीय सकाळपासून.

दहाव्या दिवशी भाची आली. चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"रखवालदाराला भेटले," ती म्हणाली. "मुलाकडे असतो. एका डोळ्याने दिसत नाही, पण आठवतंय सगळं."

मिस्त्रिणीने गॅस बंद केला.

"फाटकाच्या आतच आईचा जीव गेला होता. त्याला कळलं होतं. पण आवारात गेली असं झालं असतं तर चौकशी झाली असती, म्हणून त्यांनी गाडी तशीच पुढे नेली. वाटेत ती काही बोलली नाही. बोलायला नव्हतीच. रस्ता खराब होता, डोकं पत्र्यावर आपटत होतं, म्हणून त्याने ते मांडीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवलं. त्याला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं."

मिस्त्रीण म्हणाली, "ते मी धरायला हवं होतं."

"हो," भाची म्हणाली.

तिने ते रागाने म्हटलं नाही आणि समजूत काढायलाही म्हटलं नाही. मिस्त्रिणीने मान हलवली. बावीस वर्षांत तिला पहिल्यांदा कुणीतरी याबद्दल खरं उत्तर दिलं होतं.

भाची राहायला परत आली. त्या महिन्यात तिने नव्या तऱ्हेची मोटर आणली, जी पाय काढला की गप्प होते, अजिबात आवाज करत नाही. कशासाठी ते तिने सांगितलं नाही. मिस्त्रिणीने टेबलाखाली आडवं पडून ती बसवली, पट्टा ताणून बघितला आणि म्हणाली, "हलकी आहे गं ही. टिकेल असं वाटत नाही." आता तीन वर्षं झाली, टिकली आहे. भाचीच्या पिशव्यांना बरं गिऱ्हाईक आहे. दर रविवारी मिस्त्रीण मशीन उघडून भुसा काढते, तेल बघते, सुई बदलते. त्यावर बसत मात्र नाही. टाका तपासायचा असला तरी उभ्यानेच चाक हाताने फिरवते. घुमणं तिला अजूनही अधूनमधून ऐकू येतं. ती मान तिरकी करून ऐकते आणि हातातलं काम पुढे चालू ठेवते.

तेव्हा भाची शेजारी बसून काहीबाही विचारते. आईचे केस किती लांब होते. ती डावरी होती का. तिला भांडता यायचं का.

"कमरेपर्यंत. डावरी नव्हती. भांडायला लागली तर मीच घराबाहेर जायची."

"आणि गायची का?"

पूर्वी मिस्त्रिणीने लगेच एक गाणं आणि एक संध्याकाळ रचून दिली असती.

"आठवत नाही," ती म्हणाली, आणि तेलाचा डबा पुढे ओढला.